पुढचं चाक पाण्याला लागून

ती घटना आजही आठवते, आणि आठवताना सगळ्यांत आधी डोळ्यांपुढे येतात ते आमच्या हवालदारांचे बूट. काळे, पॉलिश केलेले, ओल्या वाळूवर एकमेकांना चिकटून ठेवलेले. गुन्हा घडला वर्धा जिल्ह्यात, महामार्गावर. बूट होते कोकणात, समुद्राकाठी. या दोन्हींचा संबंध काय, हे सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल. नाव मात्र कोणाचं घेणार नाही. यातली माणसं आजही त्याच भागात राहतात, एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, आणि आपापलं भोगून मोकळी झालेली आहेत.

मी तेव्हा महामार्गालगतच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. जामचा चौक आमच्या हद्दीत यायचा. ज्यांनी तो चौक पाहिला आहे त्यांना सांगायला नको. नागपूरहून खाली जाणारे ट्रक, वर्ध्याकडे वळणाऱ्या एसटी, ढाबे, पानठेले आणि हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग. अशा ठाण्यात अपघाताची केस म्हणजे रोजची भाकर. फिर्याद, पंचनामा, जबाब, गाडीची जप्ती. हात आपोआप चालतात.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी दिवेलागणीला, चौकाच्या अलीकडे, संत्री विकणाऱ्या एका बाईला गाडीनं उडवलं. बाई साठीच्या पुढची. रोज टोपलं घेऊन तिथं बसायची, सगळा चौक तिला मावशी म्हणायचा. डोक्याला मार लागून ती जागीच बेशुद्ध झाली. मागून वडनेरचा एक ऑटोवाला येत होता. तो थांबला, त्यानं तिला उचललं आणि ऑटोत घालायला लागला. तेवढ्यात माणसं जमली. रस्त्यावर बाई, शेजारी ऑटो, ऑटोवाल्याच्या शर्टाला रक्त. लोकांनी दोन आणि दोन चार केले आणि त्याला धरून चोपला. त्यातल्याच एका शहाण्यानं 'आधी दवाखान्यात न्या रे' म्हणून आरडाओरडा केला, म्हणून बाई वर्ध्याला वेळेत पोहोचली. तिच्या पुतण्यानं ऑटोवाल्याविरुद्ध फिर्याद दिली. अपघात डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारे दोन साक्षीदारही मिळाले.

अशा साक्षीदारांबद्दल एक गोष्ट नोकरीत कळली. 'डोळ्यांनी पाहिलं' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आवाज ऐकून मान वळवलेला असतो. तो खोटं बोलत नसतो. त्यानं पाहिलेलं असतं, पण नंतरचं.

ऑटोवाला माझ्यासमोर आणला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता. चाळिशीतला, किरकोळ बांध्याचा माणूस.

"जय भीम, साहेब," तो म्हणाला. "मी नाई उडवलं जी. स्कूटर होती. जुन्या काळची, पायाच्या ब्रेकची. पोपटी रंग. मावशीले धडकली, जराशी लडखडली अन् निंगून गेली. मी मांगून येऊन राह्यलो होतो."

"नंबर?"

"नंबर पाह्यतो का बाईले पाह्यतो, साहेब?"

गुन्हा जामिनाचा होता. कागदपत्रं झाली, त्याला सोडलं, ऑटो मात्र ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली जमा राहिला. फाटकापर्यंत गेलेला तो माणूस परत आला. कमरेवर हात ठेवून ऑटोकडे बघत उभा राहिला, मग मला म्हणाला, "एक सांगा साहेब. मी थांबलो, हेच चुकलं काय माझं?"

तपास चालू आहे, असं मी म्हणालो. पोलिसाला उत्तर येत नसलं की तो हेच म्हणतो.

पुढच्या काही दिवसांत वडनेरकडून जे कानावर आलं त्यानं मला जास्त अस्वस्थ केलं. तो माणूस शाळेची पोरं ने-आण करायचा. आईबापांनी पोरं काढून घेतली. बाई उडवणाऱ्याच्या गाडीत आपलं लेकरू कोण बसवेल? आणि स्टँडवरच्या बाकीच्या ऑटोवाल्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं की यापुढे रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तरी ब्रेकवर पाय द्यायचा नाही. 'पडला तं पडू द्या, आपला ऑटो झाडाखाली सडवाले कोणाले पायजे?' महामार्गावर रोज माणसं पडतात. पोलीस पोहोचेपर्यंत त्यांना उचलतं कोण, तर हेच लोक. म्हणून ही केस इतर प्रकरणांसारखी हातावेगळी करायची नाही, असं मी मनाशी ठरवलं.

एका दुपारी ठाण्याच्या फोनवर कोणीतरी बोललं. ठाणे अंमलदारानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. आवाज दबलेला होता. "साहेब, पोपटी स्कूटर मी बी पाह्यली त्या दिवशी. समोरचा लाईट फुटेल होता तिचा. चौकातून आतल्या रस्त्याले गेली." नाव विचारल्याबरोबर फोन ठेवला.

खबर देणाऱ्याचं नाव नसलं तरी चालतं, खबर खरी असली म्हणजे झालं. आमच्या भागात जुन्या स्कूटरी आता बोटांवर मोजण्याइतक्या. पोपटी तर एकच. ती होती जामच्या आतल्या बाजूच्या एका गावातल्या कृषी केंद्राच्या मालकाची. बियाणं आणि खतं विकणारा, बोलघेवडा, पन्नाशीला टेकलेला गडी. त्याचे तीन बालमित्र होते. एक शाळेत मास्तर, दुसरा दवाखान्यात कंपाउंडर, तिसरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. चौघांनाही जुन्या स्कूटरींचं वेड. सव्वीस जानेवारीला चौघं ओळीनं गावातून स्कूटरी काढायचे आणि पोरं मागे पळायची.

दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. तो हसतहसत आला. छातीवर एका स्कूटर रॅलीचा बिल्ला होता.

"मी तं तवा समुद्रावर होतो, साहेब," तो म्हणाला. "साऱ्या गावाले विचारा."

साऱ्या गावाला विचारलं. गोष्ट खरी दिसत होती. त्या शनिवारी-रविवारी कोकणात एका किनाऱ्यावर जुन्या स्कूटरींचा मेळा होता. तिघा मित्रांनी आपल्या स्कूटरी पिकअपमध्ये टाकून नेल्या. हा पठ्ठ्या मात्र पैज लावून बसला होता. 'स्कूटर गाडीत बसवून नेते तो कायचा स्कूटरवाला? मी चालवतच नेतो, अन् चालवतच आणतो.' गुरुवारी पहाटे गावानं त्याला नारळ फोडून निरोप दिला होता. मंगळवारी परतला तेव्हा बायकोनं ओवाळलं, दुकानापुढे डफडं वाजलं. चौघांचे मेळ्यातले फोटोही होते. म्हणजे फोटोत होते तिघंच, पण "काढणारा मी होतो ना जी" हे त्याचं उत्तर तयार होतं. मोबाइलचा सीडीआर, म्हणजे कॉल आणि ठिकाणांची नोंद, मागवली. गुरुवारी दुपारी शेवटचं लोकेशन यवतमाळच्या पलीकडचं, म्हणजे समुद्राच्याच वाटेवरचं. तिथून पुढे फोन बंद, तर 'रस्त्यात पडून फुटला.' लाईटची काच नवी दिसली, तर 'तिकडं खड्ड्यात फुटली, तिकडंच बदलवली.' किनाऱ्यावरच्या पोलिसांना पत्र पाठवलं. मेळ्यात त्याच्या नावाची नोंद आहे आणि बिल्ला नेलेला आहे, असं उत्तर आलं. तिघा मित्रांचे जबाब घेतले. तिघांनीही सांगितलं की तो आमच्यासोबत होता. कुठं झोपलो, काय खाल्लं, बक्षीस कोणाला मिळालं, सगळं चौघांचं सारखं.

मला तेच खटकलं. चार माणसं एका लग्नाला गेली तर परत येऊन चौघं चार लग्नं सांगतात. एकाला जेवण आठवतं, एकाला भांडण. खऱ्या आठवणीला कधी इतकी इस्त्री नसते. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे.

शेवटी मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "मला समुद्र सांगा. मी पाहिलेला नाही."

हे खरंच होतं. जन्म वर्ध्याचा, नोकरी सगळी विदर्भात. पन्नाशी उलटून गेली तरी माझ्यासाठी मोठं पाणी म्हणजे बोर धरणाचं. सुट्टी मिळाली की घरची कामं निघायची, आणि समुद्र राहून जायचा.

त्यानं कप खाली ठेवला आणि रंगात येऊन सांगायला लागला. "काय सांगू साहेब! सकाळी स्कूटर अशी नेऊन उभी केली, पुढचं चाक पाण्याले लागून. चहा पिऊन आलो, चाक पाण्याले लागून. जेवून आलो, तसंच. दिवसभर लाटा येते अन् चाक धुऊन जाते. संध्याकाळी किक मारली अन् तिथूनच निंगालो. राजा माणसासारखं वाटलं जी."

दारातला पहारेकरी, वायरलेसवाला, रायटर, सगळे कान देऊन ऐकत होते. पोपटी स्कूटर, निळं पाणी, चाकावर लाट. मला ते वर्णन इतकं आवडलं की मी रायटरला सांगून ते जबाबात जसंच्या तसं घ्यायला लावलं. त्यात काही चूक आहे असं त्या खोलीत एकालाही वाटलं नाही. आमचं सगळं ठाणं वर्धा, नागपूर, यवतमाळचं.

त्यानंतर तपास थांबल्यासारखा झाला. मावशी अजून शुद्धीवर नव्हती. ऑटोवाला दर सोमवारी हजेरीला यायचा. सही झाली की कडुनिंबाखाली जायचा, ऑटोच्या सीटवरची पानं झाडायचा आणि एसटीनं परत जायचा. तो प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. मला मात्र त्याला पाहिलं की तोच ऐकू यायचा.

अशात मला कोकणातल्या एका कोर्टाचं साक्षीचं समन्स आलं. तिकडचा एक आरोपी पूर्वी मी वर्ध्यात पकडून दिला होता, त्याची केस उभी राहिली होती. सोबत हवालदारांना घेतलं. निवृत्तीला आलेले, गुडघे दुखणारे, पण पंचनाम्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. साक्ष सकाळीच आटोपली. मेळ्याचा किनारा तिथून जवळच होता. वरिष्ठांची परवानगी आधीच काढून ठेवली होती, म्हणून चौकशीला तिकडे गेलो.

सुरूच्या झाडांमधून एक पायवाट जात होती. आवाज आधी आला. मला वाटलं, वारा असेल. मग झाडं संपली.

मी काय पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतकं पाणी असतं हे माहीत होतं, पण इतकं असतं हे माहीत नव्हतं. आयुष्यभर माणसांकडे संशयानं बघण्याची सवय लागलेला मी, तिथं नुसता उभा राहिलो. हवालदारांनी टोपी काढली आणि देवळात जोडावेत तसे हात जोडले.

"साहेब," ते म्हणाले, "याले पलीकडचा काठच नाई जी."

मग त्यांना पाण्यात पाय घालायची हौस आली. बूट काढले, मोजे आत कोंबले, आणि जिथपर्यंत लाट येत होती त्या ओळीवरच शिस्तीत मांडून ठेवले. लाट आली की बुटांच्या टोकाला शिवून परत जायची. गुडघाभर पाण्यात जाऊन ते लहान पोरासारखे हसले. मग आम्ही झाडांखालच्या टपरीवर चहा घेतला, भजी खाल्ली, मेळ्याबद्दल इकडचं तिकडचं विचारलं आणि परत आलो.

बूट पाण्यापासून लांब, कोरड्या पडत चाललेल्या वाळूत उभे होते.

"कोणी तरी हात लावला बुटाले," हवालदार भडकले. "उचलून मागं ठेवले, साहेब!" आणि तिथल्या तिथं त्यांचा तपास सुरू झाला. वाकून पावलांचे ठसे पाहिले. ठसे फक्त त्यांचेच होते. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. थोड्या अंतरावर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईवर ती थांबली. बाई मघापासून आमच्याकडेच बघत होती. आता तिला हसू आवरेना.

"बूट नाय हलले ओ," ती म्हणाली, "पाणी गेला. सुकती लागली. घाटावरचे काय तुमी?"

भरती-ओहोटी चौथीच्या पुस्तकात होती. चंद्राचं चित्रही होतं. पाठ करून मार्क मिळवले होते. पण पुस्तकातली ओहोटी वेगळी आणि डोळ्यांदेखत मागे सरकणारा समुद्र वेगळा. हवालदारांनी बूट उचलून छातीशी धरले आणि आम्ही दोघं तिथंच वाळूत बसलो. पाणी जात राहिलं. मघाशी जिथं नुसत्या लाटा होत्या तिथं काळे खडक वर आले, खडकांवर पोरं चढली, आणि आडव्या पडलेल्या होड्या उघड्या वाळूत दिसायला लागल्या. एवढा मोठा समुद्र, कोणी हाकलला नाही, कोणी बोलावला नाही, आपला आपण निघाला होता. नंतर कधी तरी तो वळला. कधी वळला ते कळलंच नाही. खडक एकेक करून बुडत गेले. आम्ही बसलो होतो ती जागा सोडून उठावं लागलं.

उठताना हवालदार माझ्याकडे बघायला लागले, आणि मी त्यांच्याकडे. दोघांच्याही कानात एकच वाक्य वाजत होतं. चहा पिऊन आलो, चाक पाण्याला लागून. जेवून आलो, तसंच.

मासळीवालीला मी विचारलं, इथं दिवसभर पाण्याच्या कडेला गाडी उभी केली तर?

"गेली मग गाडी," ती म्हणाली. "त्या मेळ्याला आलेवते ना तिघे जण, तुमच्यासारखेच बोलणारे. गाड्या लावून जेवायला गेले. आमच्या माणसांनी ओढून काढल्या."

"तिघं की चौघं?"

"तीन गाड्या, तीन माणसं."

परत आल्यावर चौघांनाही एकाच दिवशी बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. विचारायचा प्रश्न एकच होता. आधी मास्तरांना आत घेतलं.

"मास्तर, जेवायला गेलात तेव्हा स्कूटरी कुठं होत्या?"

मास्तरांचा चेहरा लाल झाला. मग ते ओशाळं हसले. "तुमाले कोणी सांगतलं, साहेब?"

"तुम्हीच सांगा."

"काय सांगू! पाण्याच्या काठाले लावल्या न् जेवाले गेलतो. येऊन पाह्यतो तं काठच नाई. स्कूटरी पाण्यात, हँडल तेवढे वर. पाणी येते जी, साहेब. पळत नाई येत, धरणाचं दार उघडल्यासारखं बी नाई. आपलं चालत चालत येते. आमी तिघं येड्यासारखे पाह्यतच राह्यलो. स्कूटरी वाचवाव, हे बी सुचलं नाई पयले." बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. मी तो चेहरा ओळखला. किनाऱ्यावर माझाही तसाच झाला असणार.

"आणि चौथी स्कूटर?"

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"मास्तर," मी म्हटलं, "एक बाई दवाखान्यात आहे. तिला उचलणाऱ्याचा ऑटो त्या झाडाखाली आहे. खिडकीतून दिसतो."

त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि मग सगळं सांगितलं. गुरुवारीच दुकानदाराचा फोन आला होता, कोणा दुसऱ्याच्या मोबाइलवरून. यवतमाळच्या पलीकडे इंजिन बसलं होतं. 'गावात पैज लावून निंगालो, आता तोंड कसं दाखवू? मी आलतो असं म्हणजा.' मित्र पोट धरून हसले आणि हो म्हणाले. त्याचा बिल्लाही घेऊन ठेवला. यात गुन्हा तो काय? पुढे पोलिसांनी बोलावलं तेव्हा तिघांनी त्याला बाजूला घेऊन खडसावलं होतं. त्यानं आईची शपथ घेतली की माझ्या हातून कोणालाही धक्का लागला नाही, पण खरं सांगितलं तर पैजही जाईल आणि पोलीसही उगाच मागे लागतील. बालपणापासूनचा दोस्त. विश्वास ठेवला.

"त्याला सगळं घोकून दिलंत," मी विचारलं, "मग पाण्याचं का नाही सांगितलं?"

"कसं सांगाव जी?" मास्तर म्हणाले. "त्याले समजलं असतं तं मरेपावतर चिडवलं असतं आमाले. तीन शिकले-सवरले माणसं अन् समुद्रात स्कूटरी बुडवून आले! म्हणून तेवढं लपवलं."

कंपाउंडर आणि जिनिंगवाला यांनीही हेच सांगितलं. तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं की पाणी हलतं हे समुद्र पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण याला ते सांगायलाच हवं होतं.

शेवटी दुकानदार. मी पुन्हा चहा मागवला. "ते स्कूटरचं परत सांगा," म्हटलं. त्यानं खुशीत परत सांगितलं. पुढचं चाक पाण्याला लागून.

"पाणी दिवसभरात जागचं हललं नाही?"

"पाणी कायले हलते, साहेब?" तो हसला. "समुद्र हाय तो. नहर थोडीच हाय, आज सोडलं न् उद्या बंद केलं."

दारात उभे असलेले हवालदार म्हणाले, "भाऊ, माह्ये बूट हलले रे तिथं." आणि त्यांनी आपल्या बुटांची गोष्ट सांगितली. मासळीवालीची, खडकांची, उघड्या पडलेल्या होड्यांची. मी मध्ये बोललो नाही. ऐकता ऐकता दुकानदाराच्या हातातला कप तसाच राहिला. हसू आधी गेलं, मग चेहऱ्यावरचा रंग.

कप खाली ठेवून तो बोलायला लागला. स्कूटर शनिवारी दुपारी दुरुस्त झाली. मेळ्याला जाऊन उपयोग नव्हता. राळेगाव, वडनेर करत परत निघाला. मंगळवारपर्यंत शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे गुरांच्या गोठ्यावर, लपून राहायचं, मग गावात समुद्रावरून आल्यासारखं यायचं, असा बेत होता. चौकात सगळे ओळखीचे, म्हणून अंधार पडत असताना लाईट बंद करून, मान खाली घालून स्कूटर दामटली. मावशी दिसलीच नाही. "थांबाव वाटलं होतं, साहेब. पण थांबलो असतो तं लोकं म्हणले असते, हा तं समुद्रावर गेलता."

म्हणजे एका माणसानं गावात हसं होऊ नये म्हणून बाईला रस्त्यात टाकलं, आणि दुसऱ्यानं तिला उचलून मार खाल्ला. संताप आला, आणि तो मी लपवला नाही. जे बोलायचं ते बोललो.

तो खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं वर पाहिलं. सुटका कशी होईल, वकील कोणता, घरी काय सांगू, असलं काही तो विचारील असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "साहेब, खरंच जी? एवढं मोठं पाणी जागा सोडून जाते? अन् मंग आपल्या मनानं वापस येते?"

"येतं," मी म्हटलं. "मी पाहिलं."

त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडला.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. म्हणून पुढचं सगळं रीतसर केलं. मास्तरांच्या मोबाइलवर आलेला तो अनोळखी नंबर यवतमाळच्या पलीकडच्या एका मेकॅनिकचा निघाला. स्कूटर शनिवारी दुपारपर्यंत आपल्याकडे होती, असा त्यानं जबाब दिला. मावशीचं टोपलं पुतण्याच्या घरी पडून होतं. त्याच्या लोखंडी कडेला पोपटी रंग लागलेला होता. तपासायला दिला, जुळला. कोर्टात दुकानदारानं गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. मावशी बरी झाली. एक कान मंद झाला, पण दुसऱ्या हिवाळ्यात टोपलं घेऊन पुन्हा चौकात बसली. पुतण्यानं वडनेरला जाऊन ऑटोवाल्याचे पाय धरले.

ऑटो परत देताना मी त्या माणसाला म्हटलं, "तू विचारलं होतंस ना? तुझं चुकलं नव्हतं." तो "हो जी" म्हणाला, चाकांतली हवा पाहिली, किल्ली फिरवली आणि निघून गेला. त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासापुरतं सांगायचं तर हे, की जबाब ज्या गावच्या माणसाचा असतो त्याच गावच्या पोलिसाला त्यातली चूक दिसेलच असं नाही. कारण दोघांचं अज्ञान एकच असतं. कधी कधी उठून जावं लागतं आणि स्वतःचे बूट पाण्याकाठी ठेवून बघावे लागतात. निवृत्तीनंतर मी बायकोला घेऊन दोनदा समुद्रावर जाऊन आलो. दोन्ही वेळा दिवसभर नुसता बसून राहिलो. ते पाणी जातं आणि परत येतं, यावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही.

पण या केसमधला सगळ्यांत मोठा अचंबा मला समुद्रावर मिळाला नाही. बदलीचा आदेश हातात आला होता, तेव्हाची गोष्ट. हिंगणघाटहून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. मोटारसायकल आडवी पडलेली. शेजारी तोच ऑटो. तो माणूस खाली बसून एका अनोळखी पोराचं डोकं मांडीवर घेऊन होता, आणि शर्टाला पुन्हा रक्त लागलेलं होतं. भोवती माणसं तशीच जमलेली, तशीच बघणारी.

मी गर्दीतून पुढे गेलो. त्यानं वर पाहिलं.

"पुन्हा थांबलास?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग काय करतो जी?" तो म्हणाला. "माणूस पडेल हाय. तुमी पाय धरा साहेब, उचलू."

मी पाय धरले.